पोलिसी कर्तव्यासाठी सिंगल ॲक्शन पिस्तूल : निवड, बाळगण्याची स्थिती आणि प्रशिक्षण

प्रस्तावना :

भारतातील पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेला दीर्घकाळ दिसत आलेले ९ मि.मी. ‘ऑटो पिस्टल १ए’ हे पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्याचे उत्पादन होय. हा कारखाना २०२१ पर्यंत आयुध निर्माणी मंडळाच्या अखत्यारीत होता. मंडळ विसर्जित झाल्यानंतर तो ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीकडे गेला. या पिस्तुलाचे कुळ मात्र बेल्जियममधील आहे. अमेरिकन शस्त्रशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांनी आरंभलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर द्यूदोने सेव्ह यांनी १९३५ मध्ये पूर्णत्वास नेलेली ‘हाय-पॉवर’ ही त्याची मूळ रचना. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने तिचे उत्पादन केले आणि ईशापूरचे पिस्तूल याच परंपरेतील आहे. १३ काडतुसांचे मॅगझिन असलेले हे शस्त्र ‘सिंगल ॲक्शन’ प्रकारचे आहे, ही गोष्ट ते बाळगणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक असते. त्या दोन शब्दांतून निर्माण होणाऱ्या जबाबदारीचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो करण्याचा प्रयत्न आहे.

रचनेचा अर्थ :

सिंगल ॲक्शन पिस्तुलात चाप एकच काम करतो, चढवलेला घोडा सोडण्याचे. घोडा आधी अंगठ्याने किंवा स्लाइड मागे ओढून चढवावा लागतो. तो खाली असताना चाप कितीही ओढला तरी गोळी सुटत नाही. डबल ॲक्शन शस्त्रात चापाच्या एकाच ओढीने घोडा चढतो आणि सुटतोही. साहजिकच ती ओढ लांब व जड असते. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप ओढण्यास साधारणतः ५ किलोच्या आसपास जोर लागतो, तर सिंगल ॲक्शन पिस्तुलाचा चाप २ ते अडीच किलोच्या जोरात, अगदी थोडे अंतर सरकून सुटतो. या शस्त्राचा गुण आणि दोष दोन्ही एवढ्यातच सामावले आहेत. चाप हलका असल्याने नेम ढळत नाही आणि पहिली गोळी व दहावी गोळी सारख्याच ओढीने सुटते. चापापर्यंतचे अंतर कमी असल्याने लहान पंजाच्या व्यक्तीलाही बोट नीट टेकवता येते. महिला पोलिसांची संख्या वाढत असताना हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु जो चाप हेतुपूर्वक सहज सुटतो, तो हेतूवाचूनही तितक्याच सहज सुटतो.

बाळगण्याच्या तीन स्थिती :

अमेरिकन नौसैनिक दलातील निवृत्त अधिकारी व पिस्तूल-प्रशिक्षक जेफ कूपर यांनी पिस्तूल बाळगण्याच्या स्थितींना क्रमांक दिले. १९७६ मध्ये त्यांनी ॲरिझोनात प्रशिक्षण संस्था काढली आणि त्यांची परिभाषा पुढे जगभर रूढ झाली. ‘स्थिती एक’ म्हणजे चेंबरमध्ये काडतूस, घोडा चढवलेला आणि सेफ्टी लावलेली. ‘स्थिती दोन’ म्हणजे चेंबरमध्ये काडतूस, पण घोडा उतरवलेला. ‘स्थिती तीन’ म्हणजे मॅगझिन भरलेले, पण चेंबर रिकामे.

यांतील दुसरी स्थिती सामान्य माणसाला सर्वांत सुरक्षित वाटते. घोडा खाली आहे, मग भय कसले? वस्तुतः सिंगल ॲक्शन पिस्तुलासाठी हीच स्थिती सर्वांत वाईट आहे. ती साधण्यासाठी भरलेल्या चेंबरवर, चाप ओढून, अंगठ्याने घोडा हळूच खाली आणावा लागतो. घामेजलेला अंगठा एकदा निसटला की गोळी सुटते. शिवाय प्रत्यक्ष प्रसंगी तोच घोडा पुन्हा चढवावा लागतो आणि तोही पकड सैल करून. पोलिसी वापरासाठी ही स्थिती आदेशाने वर्ज्य करणेच इष्ट.

उरतात पहिली आणि तिसरी. पहिल्या स्थितीत अंगठ्याने सेफ्टी खाली सरकवली की शस्त्र सज्ज होते. एक हात पुरतो, वेळ नगण्य लागतो. ही स्थिती म्हणजे हलगर्जीपणा, असा समज आपल्याकडे आहे. परंतु सेफ्टीची तजवीज याच वापरासाठी झालेली होती. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेल्या ब्राउनिंगच्याच .४५ पिस्तुलावर अंगठ्याची सेफ्टी घोडदळाच्या आग्रहास्तव आली. एका हाती लगाम धरलेल्या स्वाराला दुसऱ्या हाताने, घोडा न उतरवता, शस्त्र सुरक्षित करता यावे हा त्यामागील हेतू होता. तिसऱ्या स्थितीत मात्र शस्त्र बाहेर काढून दुसऱ्या हाताने स्लाइड ओढावी लागते. दुसरा हात मोकळा असेल तर प्रशिक्षित व्यक्तीला हे त्वरेने जमते. पण तो हात जखमी असेल, त्यात लाठी असेल, वा त्याने कोणाची कॉलर धरलेली असेल तर?

अमेरिकेतील अनुभव :

एकाच संस्थेने दोन प्रकारच्या कर्मचाऱ्यांसाठी दोन भिन्न निर्णय घेतल्याचे बोलके उदाहरण एफ.बी.आय.चे आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या तिच्या ओलीस-मुक्ती पथकाने आरंभी ब्राउनिंग हाय-पॉवर वापरले आणि नव्वदच्या दशकात ते स्प्रिंगफील्ड कंपनीच्या १९११ धर्तीच्या .४५ पिस्तुलाकडे वळले. दोन्ही सिंगल ॲक्शन. त्याच सुमारास सामान्य एजंटांना मात्र घोडा किंवा हाताने लावायची सेफ्टी नसलेले ग्लॉक देण्यात येऊ लागले. लॉस एंजलिस पोलिसांच्या ‘स्वॅट’ पथकानेही २००२ मध्ये किंबर कंपनीचे सिंगल ॲक्शन .४५ पिस्तूल निवडले. याउलट न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ पासून स्वयंचलित पिस्तुलांना परवानगी देताना चाप मुद्दाम जड, सुमारे साडेपाच किलोचा ठेवला. हजारो शिपायांच्या हाती जे शस्त्र जायचे, त्याच्या अचूकतेपेक्षा अनवधानाने गोळी न सुटण्याला तेथे अधिक महत्त्व दिले गेले. जड चापामुळे नेम चुकतो व भलत्यालाच गोळी लागू शकते, हा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो निराधार नव्हता. चढवलेला घोडा होल्स्टरमधून दिसतो आणि नागरिकांना भीतिदायक वाटतो, या कारणानेही कित्येक अमेरिकी पोलीसप्रमुखांनी सिंगल ॲक्शन नाकारले. हे कारण तांत्रिक नव्हे, पण पोलीस हा लोकांमध्ये वावरणारा असल्याने ते हास्यास्पदही म्हणता येणार नाही.

शरीराची दगाबाजी :

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी अनवधानाने होणाऱ्या गोळीबाराच्या संदर्भात स्नायूंच्या अनैच्छिक आकुंचनाची तीन कारणे मांडली आहेत : एका हाताने जोर लावताना दुसऱ्या हाताचे स्नायूही आवळले जाणे, तोल जाणे आणि दचकणे. पोलिसाच्या कामात हे तिन्ही प्रसंग नित्याचेच. पळणाऱ्या संशयिताला डाव्या हाताने धरताना उजव्या हातातील पिस्तुलाच्या चापावर बोट असेल, तर डाव्या मुठीची आज्ञा उजव्या बोटालाही पोहोचते. तेथे अडीच किलोचा चाप क्षणभरही टिकाव धरत नाही. अशा गोळीने कोणाचा प्राण गेल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये निष्काळजीपणाचा खटला त्या शिपायावर चालू शकतो. त्याला वर्षभरात किती काडतुसे सरावासाठी मिळाली, हा प्रश्न आरोपपत्रात येत नाही.

म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा बोटाचा आहे. नजर नेमावर स्थिरावून गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर, शस्त्राच्या अंगाला सरळ. दुसरा धडा अंगठ्याचा. पिस्तूल लक्ष्याकडे वळल्यावरच सेफ्टी खाली आणि लक्ष्यावरून हटताच, होल्स्टरचा विचारही मनात येण्यापूर्वी, सेफ्टी वर. या दोन हालचाली विचाराविना होईपर्यंत घोटाव्या लागतात आणि त्यासाठी काडतुसे लागत नाहीत. रिकाम्या शस्त्राने, भिंतीकडे तोंड करून, रोज दहा मिनिटांचा सराव पुरेसा आहे. येथे एक व्यावहारिक बाब नमूद करावीशी वाटते. हाय-पॉवरच्या मूळ रचनेत मॅगझिन काढले की चाप निकामी होतो. म्हणून असा सराव करताना रिकामे मॅगझिन आत घालावे लागते. ते रिकामेच असल्याची खात्री स्वतःच्या आणि सोबत्याच्या डोळ्यांनी करावी. भरलेली मॅगझिन्स त्या खोलीतही नसावीत.

चांदमारीला पर्याय नाही, हेही तितकेच खरे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे सरावात पडलेल्या खंडाकडे लक्ष वेधले होते. नवी शस्त्रे विकत घेणे हा या उणिवेवरील अर्धाच उपाय होय.

निवडीविषयी :

प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्न पिस्तुलाच्या जातीचा कमी आणि तासांचा अधिक आहे. ज्या पथकाला दर आठवड्याला सराव करता येतो, त्याने सिंगल ॲक्शन पिस्तूल पहिल्या स्थितीत बाळगावे. त्याहून अचूक शस्त्र त्याला क्वचितच मिळेल. ठाण्यातील बंदोबस्त, तपास व न्यायालयाच्या फेऱ्या यांत गुंतलेल्या आणि वर्षातून एखादे वेळी चांदमारीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने मात्र चेंबर रिकामेच ठेवणे हे प्रामाणिकपणाचे ठरेल. पण मग स्लाइड ओढण्याचा सराव त्याला दिला पाहिजे, एका हाताने, पट्ट्याच्या कडेवर मागची साइट अडकवून ओढण्याचाही. चेंबर रिकामे ठेवायला सांगायचे आणि ते भरण्याचा सराव द्यायचा नाही, हा व्यवहार सुरक्षिततेच्या नावाखाली अधिकाऱ्याला निःशस्त्र करणारा आहे. बाळगण्याची स्थिती घटकप्रमुखाने लेखी आदेशाने ठरवावी, ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडू नये.

पहिल्या स्थितीसाठी शस्त्र निवडताना सेफ्टीची कळ प्रथम पाहावी. जुन्या हाय-पॉवरवरील कळ लहान व चपटी असून केवळ डाव्या अंगाला असते. अंगठ्याला ती नेमकी सापडत नाही आणि डावखुऱ्या व्यक्तीला तर ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. अशा शस्त्रावर पहिली स्थिती लादू नये. होल्स्टर चापाचे कडे पूर्ण झाकणारे, कडक आणि सेफ्टीच्या कळीला धक्का न लावणारे हवे.

पिस्तूल जमा करताना :

या शस्त्रप्रकारात आणखी एक अडचण दडलेली आहे. १९११ असो वा हाय-पॉवर, सेफ्टी लावलेली असताना स्लाइड मागे येत नाही. म्हणजे पिस्तूल रिकामे करण्यासाठी आधी सेफ्टी काढावी लागते. चढवलेला घोडा, भरलेले चेंबर, हलका चाप आणि पाळी संपवून घरी निघालेला थकलेला माणूस हे सारे त्या क्षणी एकत्र येतात. म्हणून प्रत्येक शस्त्रागाराबाहेर वाळूने भरलेली पेटी असावी आणि नळी तिच्या तोंडाशी धरूनच पुढील क्रिया व्हावी. प्रथम मॅगझिन बाहेर काढावे, मगच स्लाइड ओढावी. हा क्रम उलटला तर चेंबरमधील काडतूस बाहेर पडते खरे, परंतु मॅगझिनमधले वरचे काडतूस लगेच त्याची जागा घेते. पुढे मॅगझिन काढणाऱ्याची पिस्तूल रिकामे झाल्याची समजूत होते आणि काडतूस आतच राहते. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे. रात्रपाळीच्या अपुऱ्या उजेडात करंगळीचे टोक आत घालून चाचपावे. त्यानंतरच पिस्तूल स्लाइड उघडी ठेवून शस्त्रागारातील हवालदाराच्या हाती द्यावे आणि त्यानेही स्वतः पुन्हा पाहून मगच नोंदवहीत सही घ्यावी.