छपाईत न मावणारे रंग

पडद्यावरचे छायाचित्र कागदावर फिके उतरले की त्याचे खापर बहुधा छापखान्यावर फोडले जाते. परंतु पडदा लाल, हिरव्या व निळ्या (आरजीबी) प्रकाशाच्या मिश्रणातून रंग घडवतो, तर छपाईची शाई कागदावरून परतणाऱ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते, त्यामुळे दोघांची रंगव्याप्ती, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका, मुळातच निराळी असते. उपकरणाचा हा आवाका नोंदवणाऱ्या फाइलला प्रोफाइल म्हणतात. एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात जाताना न मावणाऱ्या रंगांचे काय करायचे, हे ठरवणारे धोरण म्हणजे रेंडरिंग इंटेंट. 1993 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियमच्या प्रमाणकात अशी चार धोरणे आहेत. छायाचित्रांसाठी खरी निवड मात्र दोहोंतच असते.

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पोपटी काठाची जांभळी पैठणी छापायची आहे, असे समजू. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ निवडल्यास मूळ पांढरा कागदाच्या पांढऱ्याशी जुळवला जातो, मावणारे रंग जवळपास जसेच्या तसे राहतात आणि न मावणारे व्याप्तीच्या कडेवरील जवळच्या रंगावर ढकलले जातात. परिणामी चेहऱ्याची कांती बिघडत नाही, पण काठाच्या चुण्यांतील तीन-चार वेगळ्या पोपटी छटा एकच होऊन तेथे सपाट डाग दिसू शकतो. ‘पर्सेप्च्युअल’ सगळाच पट आक्रसून छटांमधील परस्परसंबंध जपते, म्हणून चुण्या टिकतात. त्याची किंमत म्हणून मावणारे रंगही थोडे सरकतात. झळझळीत रंग मोजकेच असतील तर पहिले धोरण आणि चित्रभर पसरलेले असतील तर दुसरे, हा आडाखा बहुतेक वेळा चालतो. मात्र पर्सेप्च्युअलचे एकच ठरलेले सूत्र नाही, रंग किती आक्रसायचे हे प्रोफाइल बनवणारा ठरवतो. आणि एसआरजीबी या आरजीबी रंगप्रणालीतून अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या प्रणालीत जाताना तर या निवडीने सहसा काहीच बदलत नाही, कारण त्यांच्या प्रचलित प्रोफाइलमध्ये पर्सेप्च्युअलसाठी लागणारे वेगळे कोष्टकच नसते. मेन्यूत पर्याय दिसतो, एवढेच.

रिलेटिव्हसोबत ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ चालू ठेवणे इष्ट, कारण त्यामुळे मूळचा गडद काळा कागदावरील सर्वांत गडद काळ्याशी जुळतो आणि केसांतील, सावल्यांतील तपशील बुजत नाही. ‘अ‍ॅब्सोल्यूट कलरिमेट्रिक’ कागदाच्या पांढऱ्याची झाकही कायम ठेवते, म्हणून वर्तमानपत्री कागदाचा मळकट रंग प्रूफवर, म्हणजे छपाईपूर्व नमुन्यावर, दाखवायला ते उपयोगी पडते, ‘सॅच्युरेशन’ आलेख-तक्त्यांपुरते.

निवडीपूर्वी सॉफ्ट-प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरील अंदाज, दोन्ही धोरणांनी काढून काठाचा भाग मोठा करून पाहावा, आणि रूपांतर मूळ आरजीबी फाइलच्या प्रतीवरच करावे. कारण एकदा एकरूप झालेल्या छटा पुन्हा आरजीबीत नेल्या तरी वेगळ्या होत नाहीत.