बोलेरो तिरकी पळतेय? मागचा अ‍ॅक्सल बघा!

सुरतजवळ इच्छापोरहून हजिऱ्याकडे जाताना पुढची बोलेरो नीट न्याहाळा. कधी कधी गाडी जाते सरळ, पण बॉडी किंचित तिरकी! पुढचं अलाइनमेंट कितीदाही करा, स्टेअरिंग वाकडंच. बोलेरोला मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला अखंड अ‍ॅक्सल असतो, त्याला टो-कॅम्बरची, म्हणजे चाकांच्या कोनांची, सेटिंगच नसते. पण यू-बोल्ट सैल झाले किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला, की अ‍ॅक्सलची एक बाजू पुढे-मागे सरकते आणि मागची चाकं गाडीला तिरकं ढकलतात. पुढची चाकं सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा. ठळक फरक दिसला तर आधी पाटे तपासा. चार चाकं मोजणारं मशीन असेल तर थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीला किती तिरकं ढकलतात तो कोन, आवर्जून विचारा.