आरोग्यविचार, लेखांक ६ : छीगोंगचा अधिकार कोठवर?

चीनच्या हूनान प्रांतात, चांगशा शहराच्या लगत, मावांगत्वेई नावाचे एक ठिकाण आहे. १९७३ साली तेथील तिसरे थडगे उकरण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा रेशमावर लिहिलेल्या ग्रंथांच्या जोडीला एक रंगीत रेशमी पटही संशोधकांच्या हाती लागला. थडगे बंद झाले ते इसवी सनपूर्व १६८ मध्ये. म्हणजे पटाचे वय एकवीसशे वर्षांहून अधिक. त्यावर स्त्रीपुरुषांच्या ४४ आकृती आहेत. कोणी हात उंचावलेले, कोणी कमरेत वाकलेले, कोणी काठी धरून उभे. आणि कित्येकांच्या शेजारी त्या हालचालीचे नाव, अथवा ज्या विकारावर ती करावयाची त्या विकाराचे नाव, लिहून ठेवलेले आहे. एका आकृतीजवळ गुडघेदुखीचा उल्लेख आहे, दुसरीजवळ बहिरेपणाचा.

ही दोन नावे एकाच पटावर, एकाच विश्वासाने लिहिलेली पाहिली म्हणजे छीगोंग या चिनी साधनेविषयी आजही जो घोळ चालू आहे त्याचे मूळ किती जुने आहे हे ध्यानात येते. गुडघेदुखीचा दावा परीक्षेला उतरला आहे. छीगोंगचीच सख्खी बहीण म्हणता येईल अशा ताई ची या मंद व्यायामाची अमेरिकेतील बॉस्टन येथे रीतसर चाचणी झाली. गुडघ्याचा संधिवात झालेल्या २०४ रुग्णांपैकी निम्म्यांना ताई ची आणि निम्म्यांना रूढ फिजिओथेरपी अशी वाटणी केली गेली, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या वेदना जवळजवळ सारख्याच उतरल्या होत्या. बहिरेपणाची गोष्ट निराळी. माणसाच्या अंतर्कर्णातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि हात कितीही सावकाश उंचावले तरी त्या उगवण्याचे काही कारण नाही. ज्या लेखकाने पट लिहिला त्याला ही निवड करण्याचे साधन नव्हते. आपल्याला आहे, आणि म्हणूनच ती न करणे हा आपल्या बाबतीत अपराध ठरतो.

प्रत्यक्षात ही साधना कशी असते हे आधी सांगितले पाहिजे. छी म्हणजे शरीरात वाहणारे चैतन्य, प्राण. त्याला वळण लावण्याचा अभ्यास तो छीगोंग, अशी त्या परंपरेची धारणा. चीनच्या सरकारी क्रीडाखात्याने २००३ साली या अभ्यासाचे चार संच प्रमाण ठरवून प्रसिद्ध केले, त्यांतील सर्वांत लोकप्रिय बादुआनजिन, आठ भागांचा. पहिल्या भागात पाय खांद्यांइतके फाकवून, गुडघे किंचित सैल सोडून उभे राहावयाचे, दोन्ही हातांची बोटे पोटापुढे एकमेकांत गुंफावयाची, श्वास घेत ते हात छातीवरून वर नेताना तळवे उलटे करून आकाशाकडे ढकलावयाचे, क्षणभर थांबावयाचे, आणि श्वास सोडीत हात दोन्ही बाजूंनी खाली आणावयाचे. दुसऱ्या भागात धनुष्य ओढल्याचा आविर्भाव असतो; सहाव्या भागात तळहात पाठीवरून व मांड्यांच्या मागून घसरत पावलांपर्यंत जातात; आठव्यात टाचा उचलून सात वेळा हलकेच जमिनीवर टेकावयाच्या. सगळे मिळून पाव तासाचे काम. घाम येत नाही, दम लागत नाही, आणि उपकरण म्हणून एक सपाट जागा पुरते. हे ज्याने एकदा मन लावून केले त्याला त्यातील प्रसन्नता सांगावी लागत नाही, आणि ती प्रसन्नता खरी आहे.

आज ज्याला आपण छीगोंगचिकित्सा म्हणतो तिचा जन्म मात्र प्राचीन नव्हे. १९४७ साली हेबेई प्रांतातील ल्यू ग्वेइझेन नावाचा कम्युनिस्ट पक्षाचा एक तरुण कार्यकर्ता पोटातील व्रणाने व मज्जादौर्बल्याने खंगून गावी परतला, तेथे एका वृद्ध गुरूकडून बैठकीची व श्वसनाची साधना शिकला, आणि १०२ दिवसांनी बरा होऊन कामावर रुजू झाला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या प्रांतात सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ च्या डिसेंबरात निवर्तले, तोच हा हेबेई. औषधांचा व डॉक्टरांचा जो दुष्काळ त्यांनी तेथे सोसला तो पाच वर्षांनीही सरला नव्हता. अशा मुलखात विनाखर्चाचा उपाय कोणी दाखवील तर राज्यकर्ते त्याकडे आशेने पाहतील यात नवल ते काय? १९४९ साली पक्षाच्या आरोग्याधिकाऱ्यांनी या विखुरलेल्या साधनांना छीगोंग हे एकच सरकारी नाव दिले, त्यांतील मंत्रतंत्राचा व धर्माचा भाग बाजूला काढला, आणि १९५६ साली बेइदाइहे या समुद्रकाठच्या गावी सरकारी आरोग्यधाम स्थापन होऊन ल्यू त्याचे प्रमुख झाले.

ल्यू बरे झाले याविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. प्रश्न आहे तो कशाने बरे झाले हा. जठराचा किंवा आतड्याच्या आरंभीचा व्रण हा भरतीओहोटीचा रोग; आठवडे पोट जळते, मग आपोआप शमते, पुन्हा उसळते. माणूस आपल्या दुखण्याच्या परमावधीला उपाय शोधू लागतो आणि त्यानंतर ओहोटी यावयाचीच असते. तिचे श्रेय साहजिकच शेवटच्या उपायाच्या खाती जमा होते. शिवाय ल्यू यांनी कामातून रजा घेतली, गावी राहिले, वेळच्या वेळी जेवले असतील, झोपले असतील, आणि रोज कित्येक तास शांत बसले. त्या काळी युरोपातील इस्पितळेही व्रणाच्या रोग्याला दुसरे फारसे काही देत नव्हती. पुढे १९८२ साली ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातील एक जंतू वेगळा केला आणि बहुसंख्य व्रणांचे कारण तो आहे हे सिद्ध केले. २००५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आज जंतुनाशके व आम्ल घटविणारे औषध एकत्र दिले की दोनेक आठवड्यांत तो जंतू बहुतेकांच्या पोटातून हद्दपार होतो, आणि व्रण सहसा परतत नाही. श्वसनाने तो जंतू गेल्याचा एकही भरवशाचा दाखला नाही. साधनेने ल्यू यांना विश्रांती दिली, धीर दिला, कदाचित वेदना सोसण्याची शक्ती दिली. जंतूला तिने हात लावला नाही.

हीच कसोटी गुओ लिन या चित्रकर्तीच्या कहाणीला लावावी लागते. १९४९ साली तिला गर्भाशयाचा कर्करोग झाला, तो उलटला, अनेक शस्त्रक्रिया झाल्या. आणि १९७० नंतर पेकिंगच्या बागांतून ती चालता चालता करावयाचे श्वसनाचे नवे छीगोंग कर्करोग्यांना शिकवू लागली. त्या काळात, जेव्हा चार माणसे एकत्र जमण्यालाही धाक होता, तिने हताश रुग्णांना घराबाहेर काढले, एकमेकांच्या सोबतीने चालावयास लावले, हे तिचे ऋण मोठे आहे. परंतु तिच्यामागून जो प्रचार झाला त्यात साधना तेवढी उरली आणि शस्त्रक्रिया गळून पडल्या. सर्जनाच्या सुरीचे पुण्य श्वासाच्या नावे लिहिणे ही साधी अतिशयोक्ती नव्हे. ते वाचून ज्या बाईने शस्त्रक्रिया नाकारली असेल तिच्या जिवावर ती अतिशयोक्ती बेतते.

मग या साधनेपासून निश्चित काय मिळते? सिडनी येथे १६२ कर्करोग्यांवर झालेली आणि २०१० साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. त्यात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दहा आठवडे छीगोंग करणाऱ्यांचा थकवा कमी झाला, मन सुधारले, दिवस सुसह्य झाले. कॅनडात सर्वांगदुखीच्या, म्हणजे फायब्रोमायाल्जियाच्या, १०० रुग्णांना रोज पाऊण तास अभ्यास करावयास सांगितले असता दुखणे व निद्रानाश दोन्ही उतरले आणि तो लाभ सहा महिन्यांनंतरही टिकून होता. वृद्धांच्या पडण्याविषयीचा पुरावा तर अधिक भक्कम आहे : ताई चीच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१९ साली मांडला गेला, त्यात पडणाऱ्यांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटलेली आढळली. ज्यांच्या घरात मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आजी आहे त्यांना या टक्क्यांचे मोल मी समजावून सांगावयास नको. रक्तदाबाबाबत पेकिंगमधील २०२४ ची एक चाचणी उल्लेखनीय आहे. रक्तदाब उंबरठ्यावर असलेल्या ३४२ जणांपैकी ताई ची करणाऱ्यांचा वरचा आकडा वर्षभरात सरासरी ७ ने उतरला, आणि भरभर चालणे, सायकल इत्यादी व्यायाम करणाऱ्यांचा साडेचारच्या थोडा वर. मात्र ही माणसे अद्याप औषधापर्यंत पोचलेली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

या लाभांची कारणे गूढ नाहीत. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार सावकाश नेताना मांड्यांचे स्नायू व तोल सांभाळणारी यंत्रणा यांना रोज शिस्तीने राबावे लागते. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला म्हणजे हृदयाची गती व रक्तवाहिन्यांतील दाब यांची परस्परांशी लय जुळते. आणि लक्ष हालचालीवर खिळले की वेदनेभोवती घुटमळणारे भय काही काळ सुटते. यासाठी छी नावाचा पदार्थ मानण्याची आवश्यकता पडत नाही. अर्थात या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. गोळीच्या परीक्षेत रुग्णाला खरी गोळी कोणती हे कळू न देता येते. इथे आपण व्यायाम करीत आहोत हे करणाऱ्याला ठाऊकच असते, आणि कॅनडातील तुलनेचा गट तर नुसता प्रतीक्षेत बसविलेला होता. तेव्हा लाभातील काही वाटा आशेचा असणारच. तो वजा केल्यावर किती उरते याचा कस लागतो तो बॉस्टन किंवा पेकिंगच्या चाचण्यांत, जेथे तुलना दुसऱ्या खऱ्या उपचाराशी होती. आणि तेथेही उरते ते थोडे नाही.

जे मुळीच उरत नाही ते म्हणजे 'बाह्य छी'. गुरूने आपल्या तळहातातून सोडलेली व दूरवरच्या रोग्याला बरे करणारी शक्ती. १९७८ साली शांघायच्या एका अणुसंशोधन संस्थेतील गू हानसेन यांनी छीगोंग गुरूच्या हातातून निघणारे अवरक्त किरण उपकरणाने टिपल्याचे जाहीर केले आणि सबंध चीनमध्ये या विद्येला विज्ञानाची सनद मिळाल्यासारखे झाले. पण अवरक्त किरण प्रत्येक उबदार वस्तूतून निघतात, माझ्या व वाचकांच्या तळहातातूनही. दहा वर्षांनी, १९८८ च्या वसंतात, अमेरिकेतील चिकित्सक संशोधकांचे एक मंडळ चीनला गेले, आणि तेथे त्यांनी साधी पण अचूक परीक्षा योजली. एक गुरू हात हलवी आणि त्याची रुग्ण टेबलावर त्या हालचालींबरोबर तळमळे, वळवळे. पाहणारा थक्क व्हावा असा तो देखावा होता. मंडळाने दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले, आणि गुरूने छी केव्हा सोडावयाची व केव्हा नाही हे नाणे उडवून ठरविले. रुग्ण हलतच राहिली. गुरूने छी सोडली असता हलली, सोडली नसता हलली. दोहोंच्या वेळांचा मेळ काही बसला नाही. तिने ढोंग केले असे म्हणण्याचे कारण नाही. तिचे शरीर तिच्या अपेक्षेला ओ देत होते.

तरीही १९९० च्या दशकात लक्षावधी लोक अशा गुरूंच्या सभांना लोटत होते. हू वानलिन नावाच्या अशाच एका वैदूने छीगोंगच्या जोडीला जहाल क्षार पाजून अनेकांचे प्राण घेतले आणि २००० साली त्याला न्यायालयाने पंधरा वर्षांची सजा फर्मावली. साधनेचा अतिरेकही निरुपद्रवी नाही : तासन् तास ध्यानश्वसन करणाऱ्या काहींना भास होतात, आपल्यात कोणी संचारले आहे असे वाटते, या विकाराची नोंद अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या वर्गीकरणातही आहे. ज्यांना पूर्वी मनोविकाराचा झटका येऊन गेला असेल त्यांनी दीर्घ ध्यानाच्या प्रकारांपासून दूरच राहावे.

सर्वांत मोठा धोका उपचार सोडण्याचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, बऱ्या होण्याजोग्या अवस्थेतील कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपाय पत्करणाऱ्या २८१ जणांचा मागोवा घेतला गेला; रूढ उपचार घेणाऱ्यांच्या मानाने त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, आणि स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक. ही पाहणी एकट्या छीगोंगची नव्हे, पण जो गुरू औषध थांबवावयास सांगतो त्याच्याकडून उठून येण्यास एवढा दाखला पुरेसा आहे. मधुमेहाच्या ज्या प्रकारात शरीर इन्सुलिन करीतच नाही त्यातील रोग्याने इंजेक्शन सोडले तर काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. रक्तदाबाची गोळी कमी करावयाची तर ती डॉक्टरने आकडे पाहून करावी, साधकाने बरे वाटते म्हणून नव्हे.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी खुर्चीच्या पाठीला एक हात धरून, दिवसातून पंधरा मिनिटे, निदान तीन महिने करून पाहावे. श्वास कोंडू नये, विशेषतः हृदयविकार असल्यास. काचबिंदू असलेल्यांनी डोके हृदयाच्या खाली जाईल असे वाकू नये. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांनी सहाव्या भागात पाठ गोल करून पावलांपर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये, कारण त्या बाकाने मणका दबून मोडू शकतो; हात मांड्यांवरच थांबवावेत, पाठ सरळ ठेवावी.

पुढील लेखांकात अॅक्युपंक्चरचा विचार करू.