मुंबईचे पारशी, एपस्टाईन-बार विषाणू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिन या स्निग्ध आवरणावर उलटते, आणि ते जागोजागी झिजल्याने एका डोळ्याची दृष्टी मंदावणे, पायांना मुंग्या येणे, तोल जाणे अशी लक्षणे बहुधा विशी-तिशीत दिसू लागतात. यामागे एखादा साधा संसर्ग असावा ही शंका जुनीच, पण तिला भक्कम आधार 2022 मध्ये मिळाला. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक जणांच्या 20 वर्षांच्या नोंदी तपासून हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले की, एपस्टाईन-बार विषाणूची बाधा झाल्यावर या आजाराचा धोका 32 पटींनी वाढतो; तसाच लाळेतून पसरणारा सायटोमेगॅलो विषाणू मात्र तो वाढवत नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतील ग्लायलकॅम या प्रथिनाशी मिळताजुळता आढळला, त्यामुळे विषाणूविरुद्ध तयार झालेली काही प्रतिपिंडे, म्हणजे रक्तातील संरक्षक प्रथिने, मेंदूतील प्रथिनालाही चिकटतात.

महाराष्ट्रात मात्र हे कोडे अधिक अवघड होते. आजीने चाखून पाहिलेला वरणभात त्याच चमच्याने नातवाला भरवावा, एवढे निमित्त या विषाणूला पुरते. त्यामुळे बहुतेकांना तो बालपणीच, फारसा त्रास न देता गाठतो आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींत जन्मभर मुक्काम ठोकतो. तरीही हा आजार येथे युरोपच्या मानाने विरळाच. पाश्चात्त्य देशांत ही बाधा अनेकांना पौगंडावस्थेत, ताप व सुजलेल्या गाठींसह होते आणि अशांना पुढे धोका अधिक असतो. तेव्हा बाधेच्या वयाला महत्त्व असावे.

पण वयाने सारे उलगडत नाही, हे मुंबईच्या पारशी समाजाकडे पाहिल्यावर ध्यानात येते. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या समाजात दर लाखात सुमारे 21 रुग्ण आढळले, आणि डॉ. नोशीर वाडिया यांच्या 1990 च्या अभ्यासानेही त्याला दुजोरा दिला. हे प्रमाण इतर भारतीयांच्या तेव्हाच्या अंदाजाहून कितीतरी अधिक होते. शहर तेच, ऊन तेच, विषाणूही तोच. सुशिक्षित समाजात निदान अधिक होणारच हा आक्षेप रास्त असला, तरी एवढी तफावत केवळ त्याने भरून निघेल असे वाटत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मानावाच लागतो.

म्हणूनच नाशिकच्या गंगापूर रोडवरील एखाद्या दवाखान्यात कुणी या विषाणूची रक्तचाचणी मागितली, तर तिचा निदानाला फारसा उपयोग नाही, कारण 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांत ती पॉझिटिव्हच येते. निदान ठरते ते तपासणी, एमआरआयवर दिसणारे मायलिन झिजल्याचे डाग आणि गरज पडल्यास पाठीतून काढलेले पाणी यांवरून.