विश्लेषण : गावाच्या नावासाठी पोर्क पाय न्यायालयात का गेला?

इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातले मेल्टन मोब्रे हे बाजाराचे गाव. पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मांसाचे सारण भरून भाजलेला जाड आवरणाचा पदार्थ, ही त्याची ओळख. पण या पदार्थाला गावाचे नाव कोणी लावायचे, यावरून थेट न्यायालयीन लढाई झाली.

बाजार किती जुना?

‘डोम्सडे बुक’ या १०८६ मधील जमीन-महसुलाच्या नोंदवहीत मेल्टनच्या बाजाराची नोंद आहे. मंगळवार हा आजही इथला बाजाराचा दिवस. गुराढोरांचा लिलाव शहराबाहेर न जाता गावातच टिकून राहिला, हे इथले वेगळेपण.

पोर्क पाय इथलाच का?

या भागात स्टिल्टन चीज बनते. चीज बनवताना दुधाचे पाणी उरते. ते डुकरांना घातले जाई. त्यामुळे मांस मुबलक झाले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मेल्टन हे कोल्ह्यांच्या शिकारीचे मोठे केंद्र होते. घोड्यावर बसून खाता येईल असा, खिशात मावणारा पाय शिकाऱ्यांना सोयीचा ठरला. १८३१ च्या सुमारास एडवर्ड ॲडकॉक या बेकरी व्यावसायिकाने घोडागाडीने लंडनला पाय पाठवायला सुरुवात केली आणि गावाचे नाव सर्वदूर पोहोचले.

खटला काय होता?

स्थानिक उत्पादकांनी १९९८ मध्ये संघटना स्थापन केली आणि नावाला भौगोलिक संरक्षण मागितले. श्रॉपशायर आणि विल्टशायरमध्ये पाय बनवणाऱ्या ‘नॉर्दर्न फूड्स’ने ठरवलेल्या हद्दीला आव्हान दिले. डिसेंबर २००५ मध्ये उच्च न्यायालयात कंपनी हरली. अपिलात प्रकरण युरोपीय न्यायालयाकडे गेले. मात्र २००६ मध्ये कंपनीने माघार घेतली. २००९ मध्ये संरक्षण मिळाले. त्याच वर्षी गोव्याच्या काजू फेणीलाही भारतात भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले.

नियम काय सांगतात?

पाय गाव आणि भोवतालच्या ठरलेल्या क्षेत्रातच बनला पाहिजे. मांस ताजे, न खारवलेले हवे. त्यामुळे शिजल्यावर ते गुलाबी न राहता राखाडी दिसते. पाय साच्याच्या आधाराशिवाय भाजल्याने त्याच्या कडा बाहेर फुगतात. अस्सल पाय ओळखण्याची हीच खूण.

संरक्षणाचा फटका कोणाला?

स्टिल्टन चीजला १९९६ मध्ये युरोपीय संरक्षण मिळाले. ते फक्त लेस्टरशायर, डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायरमध्येच बनवता येते. ज्या गावावरून चीजला नाव मिळाले, ते स्टिल्टन मात्र केंब्रिजशायरमध्ये आहे. त्यामुळे तिथे बनलेल्या चीजला ‘स्टिल्टन’ म्हणता येत नाही! नाव कोणाचे, याचे उत्तर नकाशावरील पाटीवरून नव्हे, तर ठरवलेली हद्द आणि बनवण्याची पद्धत यांवरून मिळते.

पर्यटकांनी काय पाहावे?

सेंट मेरीज हे भव्य मध्ययुगीन चर्च, आठव्या हेन्रीची चौथी राणी ॲन ऑफ क्लीव्ह्सच्या नावाने ओळखले जाणारे घर आणि १८५१ पासून पाय बनवणाऱ्या ‘डिकिन्सन अँड मॉरिस’चे दुकान ही प्रमुख ठिकाणे. १८३७ मध्ये मार्क्वेस ऑफ वॉटरफर्ड आणि साथीदारांनी नशेत इथल्या दारांना लाल रंग फासला. मौजमजेसाठीचा ‘पेंट द टाउन रेड’ हा इंग्रजी वाक्प्रचार त्यातूनच आला, असे गावकरी अभिमानाने सांगतात. मात्र बाजाराचा रंग अनुभवायचा असेल, तर मंगळवारीच जावे.