एक लग्न, दोन घड्याळं

या वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने विचारलं, "कुठे जायचं?" मी म्हटलं, "नाटकाला." त्याला वाटलं, शिकागो डाउनटाउनमधलं एखादं झगमगीत थिएटर असेल. मी त्याला घेऊन गेले एका जुन्या दुकानाच्या जागेत. शेजारी लाँड्रोमॅट. आत ऐंशीएक खुर्च्या, त्याही एकसारख्या नव्हत्या. रंगमंच म्हणजे नुसती मोकळी जमीन. पहिल्या रांगेत बसलो तर पाय आवरून बसावे लागत होते.

शिकागोत अशा जागांना 'स्टोअरफ्रंट थिएटर' म्हणतात. आज मोठं नाव असलेली स्टेपनवूल्फ ही नाट्यसंस्थासुद्धा सत्तरच्या दशकात हायलंड पार्कमधल्या एका शाळेच्या तळघरात प्रयोग करत होती. त्याच दशकात आपल्याकडे दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह प्रायोगिक नाटकांनी गजबजलेलं होतं. मी सांगलीची, त्यामुळे नाटक म्हटलं की कान टवकारतातच. खुर्ची कुरकुरली तेव्हा मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

नाटकाचं नाव 'द लास्ट फाइव्ह इयर्स'. संहिता, गाणी आणि संगीत, सगळं जेसन रॉबर्ट ब्राऊन या एकाच माणसाचं. पहिला प्रयोग आपल्या शिकागोजवळच, स्कोकीच्या नॉर्थलाइट थिएटरमध्ये २००१ साली झाला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मिनेटा लेन थिएटरमध्ये ते जेमतेम दोन महिने चाललं. पण पात्रं दोनच, अंक एकच, मध्यंतर नाही, साधारण दीड तासाचा खेळ आणि नेपथ्याचा फारसा पसारा नाही. त्यामुळे देशभरातल्या छोट्या नाट्यसंस्थांनी ते उचललं. २०१४ साली त्यावर चित्रपट निघाला आणि २०२५ मध्ये ते ब्रॉडवेवरही आलं. मूळ वाद्यवृंद सहा वादकांचा आहे. आम्ही पाहिलेल्या प्रयोगात मात्र एका कोपऱ्यात पियानो तेवढा होता.

गोष्ट साधी आहे. जेमी लेखक, कॅथी नटी. दोघं भेटतात, लग्न करतात, वेगळे होतात. प्रयोग आहे तो सांगण्याच्या पद्धतीत. जेमीची गोष्ट पहिल्या भेटीपासून पुढे जाते. कॅथीची शेवटापासून मागे येते. पडदा उघडतो तेव्हा ती मोडलेल्या संसारात एकटी बसलेली असते आणि पुढच्याच गाण्यात तो नुकताच प्रेमात पडून उड्या मारत असतो. दोघं एका काळात येतात ते फक्त मधोमध, लग्नाच्या प्रसंगी. एरवी ज्याचं गाणं त्याने एकट्याने म्हणायचं. त्याच्या पुस्तकाचं कौतुक होत असतं, ती ओहायोत उन्हाळी नाटकांमधून कामं करत असते.

आपलं संगीत नाटक किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे १८८० पासून, पदांवर उभं राहिलं. पण तिथे पद रंगलं की प्रेक्षक वन्समोअर घेत आणि गोष्ट तेवढा वेळ थांबे. इथे गाणं हीच गोष्ट होती. एक गाणं संपलं की एकाचं वय वाढलेलं आणि दुसऱ्याचं कमी झालेलं. टाळी वाजवायलाही सुचत नव्हतं.

आणि मला माझंच घड्याळ दिसायला लागलं. नऊ वर्षांपूर्वी मी शाळेतली नोकरी सोडून इकडे आले. तिथे नववी-दहावीच्या मुली मला 'बाई' म्हणायच्या, निबंध तपासून घ्यायला घरी यायच्या. इथे डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येईना. गाडी शिकले, फोनवर स्वतःच्या आडनावाचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगायला शिकले. शिकवणारी होते, पुन्हा शिकणारी झाले. नवऱ्याला त्याच काळात दोन बढत्या मिळाल्या. दोन्ही वेळा मी श्रीखंड केलं, आणि मनापासून केलं. दोन वर्षांपूर्वी माझं वर्क परमिट आलं. ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, कारण तेव्हा लेकीचं किंडरगार्टन सुरू होत होतं.

परतताना गाडीत बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "मी त्या जेमीसारखा आहे का गं?"

"जेमी वाईट कुठे होता?" मी म्हटलं. "त्याला तिचं गाणं ऐकूच येत नव्हतं."

"तू म्हटलंस तरी होतंस का कधी?"

ते मात्र खरं होतं. मी ते आईला म्हणायचे, भारतात सकाळ असते तेव्हा. त्याच्यासमोर "सगळं छान चाललंय" म्हणायची सवय मीच लावून घेतली होती. त्या रात्री लेकीला मैत्रिणीकडून आणायला आम्हाला अर्धा तास उशीर झाला, कारण गाडी घराजवळच्या पार्किंगमध्ये उभी करून आम्ही बोलत बसलो होतो. थोडं भांडलोही. पण एकमेकांना उत्तरं दिली, आळीपाळीने आपापलं गाणं म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी एमए आणि बीएडच्या गुणपत्रिका मूल्यांकनासाठी पाठवल्या. शिक्षिकेचा परवाना मिळायला वेळ लागेल, एखादी परीक्षाही द्यावी लागेल. बुधवारची संध्याकाळ आता माझ्या अभ्यासाची. त्या दिवशी स्वयंपाक तो करतो. खिचडीच असते, पण असते.

आता मंडळाकडे एक मागणं. भारतातून नाटक आणायचं तर व्हिसा, विमानाची तिकिटं, मोठं सभागृह, सगळा खर्च अंगावर येतो. पण आपल्यातच पेटी वाजवणारे आहेत, तबल्यावर बसणारे आहेत, गाणाऱ्या तर कितीतरी जणी आहेत. दोन पात्रं, एक अंक, अर्धा तास आणि लायब्ररीची एक खोली एवढ्यात एक संगीत एकांकिका सहज बसेल. विषय शोधायला लांब जायला नको. आपल्यातल्या कितीतरी घरांत दोन घड्याळं आहेत. मी लिहायला घेतली आहे. पेटीवाल्यांनी संपर्क साधावा. बुधवार सोडून.