बॉयलरच्या पोटात

दसरा जवळ आला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक छायाचित्र हमखास दिसतं. भट्टीच्या दारापुढे मांडलेली पूजा, सपत्नीक बसलेलं यजमान जोडपं, मागे फेटे बांधलेले संचालक आणि कुणाच्या तरी हातात पेटता काकडा. खाली ओळ असते : अमुक साखर कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन उत्साहात संपन्न. त्याआधी, पावसाळ्यात, मिल रोलरचं पूजन झालेलं असतं. पुढे काही आठवड्यांनी गव्हाणीत उसाची मोळी टाकली जाते आणि गळीत हंगाम सुरू होतो. साखर कारखान्याच्या वर्षात हे तीन सोहळे ठरलेले असतात.

चौथा सोहळा मात्र नाही. ज्या दिवशी हंगाम संपल्यावर थंड झालेल्या बॉयलरच्या ड्रमचं झाकण उघडून पहिला माणूस आत सरकतो, त्या दिवशी कुणी नारळ फोडत नाही. मला मात्र वाटतं, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तोच. काकडा लागतो तेव्हा बॉयलरचं वर्ष कसं जाणार हे बरंचसं ठरून गेलेलं असतं. ते ठरतं एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, ड्रमच्या अंधारात. हा लेख जालना जिल्ह्यातल्या त्या अंधाराबद्दल आहे.

आधी जालन्याचं वाफेशी नातं काय, ते पाहायला हवं. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० साली सुरू झाली आणि मनमाड ते सिकंदराबाद या मीटरगेज मार्गावर जालना आलं. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं. कापूस इथं आधीपासून पिकत होता, बाजारपेठ होती. रेल्वेनं त्याला मुंबईची वाट दिली. एकट्या जालन्यात नऊ जिनिंग कारखाने आणि पाच प्रेस उभे राहिले. १९०१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातल्या अशा कारखान्यांत मिळून १,०१६ माणसं कामाला होती, अशी जुनी नोंद आहे. तो काळ वाफेचा होता. सरकी काढायची, रुई दाबून गाठ बांधायची, तर इंजिन हवं आणि इंजिनाला बॉयलर हवा. रुळांवरून गाठी ओढून नेणारं इंजिन तरी काय, चाकांवर बसवलेला बॉयलरच. पुढे जिनिंगमध्ये तेलाची इंजिनं आली, मग वीज आली. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. जालना शहर बियाण्यांसाठी आणि लोखंडी सळयांसाठी ओळखलं जाऊ लागलं.

वाफ मात्र जिल्ह्यातून गेली नाही. ती शहरातून निघाली आणि गोदावरीच्या बाजूला सरकली. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं. धरणाचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या पट्ट्यातून जातो. कालव्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने : अंबड तालुक्यात अंकुशनगरचा समर्थ, घनसावंगीत तीर्थपुरीचा सागर. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याचं हे नवं रूप घडतच होतं. आज जालन्यात मोठा बॉयलर पाहायचा तर साखर कारखान्यात जावं.

आमच्या पिढीनं बॉयलरचा धाकटा भाऊ घराघरांत पाहिलेला आहे. परसातला तांब्याचा बंब. मधल्या नळीत गोवऱ्या-लाकडं, भोवती पाणी. बंबाचं झाकण सैल असतं, म्हणून तो कितीही तापला तरी पाणी शंभर अंशांवर उकळतं आणि वाफ निघून जाते. तेच झाकण पक्कं बंद केलं की बॉयलर झाला. वाफेला जागा मिळत नाही, दाब चढतो आणि पाणी शंभरला न उकळता पुढे तापत राहतं. चौरस सेंटिमीटरला ४५ किलो दाबाचा बॉयलर साखर कारखान्यांत सर्रास असतो. त्यातलं पाणी अडीचशे अंशांच्या वर गेलेलं असतं, तरीही पाणीच असतं. पाण्याची मोकळ्या हवेत वाफ झाली तर तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते. पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो आणि त्या तापलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा त्याच क्षणी वाफ होऊन जागा मागतो. भिंती पाडते ती ही मागणी. आग हा बॉयलरचा दिसणारा भाग आहे. त्याच्या पोटातलं पाणी दिसत नाही, आणि धोका त्या पाण्यात असतो.

जालन्याचं पाणी तसं सोपंही नाही. खाली दख्खनचा काळा पाषाण. त्याच्या भेगांत मुरलेलं विहिरी-बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच वर येतं. घरच्या गिझरची कॉइल काढून पाहिली की तिच्यावर पांढरा दगड चढलेला दिसतो. गिझरमध्ये त्यानं वीज जास्त जळते, एवढंच. बॉयलरच्या ट्यूबमध्ये तोच थर बसला की एका बाजूला भट्टीची धग आणि दुसऱ्या बाजूला पाणी, यांच्यामध्ये दगडाची भिंत उभी राहते. पाण्यानं ट्यूबचं लोखंड थंड ठेवायचं, ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. लोखंड तापून मऊ होतं, दाबानं त्याला फुगा येतो आणि एके रात्री ट्यूब फुटते. म्हणून बॉयलरला पाणी देण्याआधी ते रेझिनच्या टाकीतून गाळून मृदू करावं लागतं, त्यातला विरघळलेला प्राणवायू काढावा लागतो. उरलेले क्षार साचू नयेत म्हणून चालू बॉयलरमधून ठरावीक वेळी थोडं पाणी खालून सोडून द्यावं लागतं. याला ब्लोडाऊन म्हणतात. २०१२-१३ मध्ये जालना जिल्हा दुष्काळात होरपळला, पिण्याचं पाणी टँकरनं येत होतं. अशा वर्षी तापलेलं, कमावलेलं पाणी गटारात सोडताना हात आखडतो. पण हात आखडला की थर वाढतो.

साखर कारखान्याला निसर्गानं एक सवलत दिली आहे. उसात वजनानं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. रस आटवताना त्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ निवली की स्वच्छ, क्षार नसलेलं, गरम पाणी हाती येतं. हंगामात कारखाना बाहेरच्या पाण्याशिवाय बराचसा भागवू शकतो, तो याच बळावर. पण या पाण्यातही एक चोर आहे. आटवण्याच्या भांड्यातली एखादी नळी झिरपली की रस त्यात मिसळतो. साखर बॉयलरमध्ये गेली की तिथल्या उष्णतेनं तिचं आम्ल होतं, पाणी फेसाळतं, ट्यूबच्या आत कोळसा धरतो. म्हणून प्रयोगशाळेतला केमिस्ट रात्रंदिवस या पाण्याचा नमुना तपासत असतो : परीक्षानळीत पाणी, अल्फा नॅप्थॉलचे थेंब, मग कडेनं हळूच सोडलेलं सल्फ्युरिक आम्ल. दोन थरांच्या सीमेवर जांभळं कडं उमटलं की साखर आहे. पाणी लगेच बॉयलरपासून तोडायचं. कारखान्याचा डोलारा त्या काचेच्या नळीतल्या कड्यावर उभा असतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

हंगाम संपला की भट्टी विझवतात. बॉयलर एकदम थंड करत नाहीत; जाड ड्रम आणि बारीक ट्यूबा सारख्या वेगानं आकसत नाहीत, सांधे सुटतात. थंड झाल्यावर पाणी सोडायचं. शेजारच्या चालू बॉयलरची वाफ चुकून इकडे येऊ नये म्हणून जोडणाऱ्या पाइपांत आंधळ्या चकत्या बसवायच्या. मग ड्रमची झाकणं काढून आत हवा खेळू द्यायची. त्यानंतरच माणूस आत जातो. त्याच्या हातातल्या दिव्याची वीज २४ व्होल्टपेक्षा जास्त नसावी, असं १९४८ चा कारखाने कायदा सांगतो. चहूबाजूंनी लोखंड, अंगाला घाम. तिथं घरच्या विजेचा एक झटका माणसाला परत येऊ देणार नाही.

आत गेलेला माणूस आधी हातानं पाहतो. ड्रमच्या तळाशी साचलेला गाळ, पाण्याच्या रेषेपाशी लोखंडाला पडलेले खड्डे, ट्यूबच्या तोंडाशी धरलेला थर. हातोडीनं ठोकून आवाज ऐकायची जुनी रीत आहे : धड पत्रा खणखणतो, झिजलेला किंवा सुटलेला बदबदतो. आता जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक यंत्र असतं आणि ते असायलाच हवं. भट्टीच्या बाजूनं झीज वेगळी असते. इंधन म्हणून जळतं ते उसाचं चिपाड, कारखान्याच्या भाषेत बगॅस. त्यात निम्मं पाणी असतं आणि उसाबरोबर शेतातून आलेली माती-रेतीही. ती रेती धुराबरोबर वेगानं ट्यूबांवर घासते, कानस चालवावी तशी. पावसात तोडलेल्या उसाचं वर्ष असेल तर ही कानस जास्त चालते.

ट्यूब बदलणं हे माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत नाजूक कसब. जुनी ट्यूब कापायची, ड्रमच्या भोकात अडकलेला तिचा तुकडा भोकाला ओरखडा न पाडता काढायचा. भोक आरशासारखं साफ करायचं. नवी ट्यूब बसवून तिच्या तोंडात एक्स्पांडर फिरवायचा. त्याचे रोलर ट्यूब आतून रुंदावतात, ट्यूबचं लोखंड ड्रमच्या लोखंडाला दाबून बसतं. अनेक बॉयलरांत हा सांधा असाच असतो. वेल्डिंग नाही, वायसर नाही, केवळ धातूनं धातूला दिलेली मिठी. कमी फिरवला तर गळतो. जास्त फिरवला तर ट्यूबची भिंत पातळ होते आणि शेजारचे सांधेही ढिले पडतात. कुठं थांबायचं हे मापावर लिहिलेलं असतं, तरी हाताला कळावं लागतं. असे हात असलेले फिटर बिगरहंगामात एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जातात. त्यांच्या कामाची नोंद रजिस्टरमध्ये राहते, नाव क्वचितच.

मग पाण्याच्या दाबाची चाचणी. बॉयलर गळ्यापर्यंत पाण्यानं भरायचा, हवा पूर्ण काढायची आणि पंपानं दाब चढवायचा; नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दीडपट. थंड पाणी दबत नाही, म्हणून सांधा सुटला तरी स्फोट होत नाही, धार लागते. सगळे विजेऱ्या घेऊन एकेक सांधा न्याहाळतात. कुठं घाम फुटलाय का, तेवढं शोधायचं.

यात सरकारी निरीक्षक असावा लागतो, आणि हा नियम अपघातांतून आला आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला, त्यानंतर १८६४ मध्ये बंगालनं पहिला कायदा केला. प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे नियम एकत्र होऊन १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा झाला. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात, ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथं लागू नव्हता. १९५० मध्ये पोलादाच्या जाडीपासून वेल्डरच्या परीक्षेपर्यंत सगळं सांगणारी नियमावली आली. २०२५ मध्ये संसदेनं १९२३ च्या जागी नवा कायदा केला. पण गाभा तोच आहे : प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक, परवानगीशिवाय मूळ रचनेत बदल नाही, मुदतीचा दाखला, आणि चालवणारा माणूस परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला.

इथं एक तक्रार नोंदवतो. कुठल्याही कारखान्यात स्फोट झाला की आपल्याकडे 'बॉयलर फुटला' असं छापून येतं. मे २०२४ मध्ये डोंबिवलीत तसंच झालं. फुटला होता तो रसायनांचा रिअॅक्टर. शब्दाचा हा घोळ किरकोळ नाही. रिअॅक्टरला बॉयलरची ही वार्षिक तपासणी लागू नसते. चुकीचं नाव दिलं की प्रश्न चुकीच्या दाराशी जातो आणि खरं दार बंदच राहतं.

दुरुस्ती झाली, चाचणी झाली, पण हंगाम अजून दूर असेल तर पावसाळी हवेनं आतून गंज चढतो. म्हणून कोरड्या केलेल्या ड्रममध्ये चुनकळीचे ट्रे ठेवून झाकणं बंद करायची जुनी पद्धत आहे. घराला सफेदी द्यायला जो चुना वापरायचा, त्याचाच हा न भिजवलेला भाऊ. तो आतली ओल पिऊन घेतो. पेटवण्याआधी हे ट्रे आठवणीनं, मोजून बाहेर काढावे लागतात.

आणि मग अग्निप्रदीपन. ते मोळीच्या बरंच आधी का करतात, याचं उत्तर पंचांगात अर्धंच आहे. भट्टीच्या भिंतीला नव्यानं लावलेल्या विटांत ओल असते. एकदम धग दिली तर ती वाफ होऊन विटा तडकवते. म्हणून पहिली आग लाकडांची, लहान. ती दिवसेंदिवस हळूहळू वाढवायची. लोखंडालाही फुलायला वेळ द्यायचा. पाइपांतून वाफ मारून आतली घाण उडवायची. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह नेमक्या दाबाला उडतो की नाही ते पाहायचं. पूजेतला तो एक काकडा म्हणजे तंत्राला हवी तेवढीच आग असते. आपल्या रीतीनं आणि यंत्राच्या गरजेनं इथं एकमेकांना सांभाळून घेतलं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. माझं मागणं इतकंच, की त्या छायाचित्रात पहिल्या रांगेत ड्रममध्ये शिरलेला माणूस असावा.

फोटो काढून झाले की मंडळी चहाला जातात. प्लॅटफॉर्मवर बॉयलर अटेंडंट उरतो. तो पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासचे कॉक उघडून काच फुंकून घेतो, पाणी खाली पडून पुन्हा आपल्या रेषेवर येतंय का ते पाहतो, आणि लॉगबुकात वेळ लिहितो. पुढच्या पाळीला तो हेच पुन्हा करतो.